टीसी काढण्याआधी

रामबाग, इंदूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी लेकीची टीसी काढणार म्हणालीस. चार दिवस थांब. तिला घरी शिकवायचं तुझ्या मनात आलं याचा मला आनंदच आहे, पण आधी कायद्यात काय लिहिलंय ते नीट बघ.

शिक्षण हक्क कायदा 2009चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम 10 प्रमाणे आईवडिलांचं कर्तव्य आहे. घरच्या शिक्षणाला त्यात ना परवानगी, ना सरळ मनाई. आणि शाळेत घातलं नाही म्हणून आईवडिलांना दंडही सांगितलेला नाही. तेव्हा ‘बिनधास्त कर’ म्हणणाऱ्याचंही ऐकू नकोस आणि पोलिसांची भीती घालणाऱ्याचंही. मात्र कॉलनीतली आठ-दहा मुलं जमवून रोज वर्ग भरवू नकोस. ती विनामान्यतेची शाळा ठरू शकते, आणि त्याला कलम 18 खाली एक लाखापर्यंत दंड आहे. पुढे मन बदललंच, तर वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश द्यावा असं कलम 4 सांगतं.

खरी काळजी कागदांची घे. घरीच शिकणाऱ्या आमच्या मुलाला एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाच्या बोर्डातून, दहावीला बसवायचं ठरलं. तिथे वयाला चौदा पूर्ण लागतात. फॉर्म भरायला बसलो आणि जन्मदाखला काढला. बारशाच्या आधी आणलेला. आमची दोघांची नावं, तारीख, शिक्का, सगळं होतं. बाळाच्या नावापुढे नुसती आडवी रेघ! शाळेत जाणाऱ्याचं वय शाळेच्या रजिस्टरवरून निघतं, आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. नाव चढवायची मुदत साधारण पंधरा वर्षांची, त्यातले सात महिने उरले होते. ते हेलपाटे आठवले की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून आजच दाखला काढून बघ. आधार आणि समग्र आयडीवर (आपल्या मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेही तपास. टीसी घेतलीस की तिच्या दोन झेरॉक्स ठेव.

वह्या रद्दीत देऊ नकोस, प्रत्येक पानावर तारीख घाल. एकदा शाळेबाहेरच्या मुलांचा सर्व्हे करत बाई आल्या. मी मुलाची पावसाची वही पुढे ठेवली. गच्चीवर बरणी ठेवून तो रोज पाणी मोजायचा. बाई ओट्यावर बसून आख्खा श्रावण वाचून गेल्या.

दहावीची धास्ती बाळगू नकोस. एनआयओएसला आठवीचं प्रमाणपत्र नसलं तरी स्वतःचं लेखी निवेदन चालतं. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, आणि भाषांमध्ये आपली मराठीही आहे. इंदुरात राहून तिला मराठीतून पेपर लिहिताना बघायला मिळेल, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रविवारी दाखला घेऊन ये. नावाची ओळ आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
मावशी