गुलाबाच्या पायाशी कोण?

प्रश्न : घरासमोर बारा फूट लांब, तीन फूट रुंद वाफा आहे. मागे कंपाउंडची भिंत. त्यात सहा कलमी गुलाब आहेत. मधली जागा ओकीबोकी दिसते म्हणून गेल्या दसऱ्याला झेंडू लावला, तर गुलाबच दिसेनात, आणि पानांवर काळे ठिपके पडून ती गळाली. यंदा काय लावू? सासूबाई म्हणतात, मोगरा लाव.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा झेंडू हाराचा, मोठ्या फुलांचा असणार. तो कंबरेपर्यंत वाढतो आणि गुलाबाच्या बुडाशी वारा खेळू देत नाही. पानं ओली राहिली की काळे ठिपके आलेच. मीही एकदा हौसेने दोन गुलाबांमध्ये शेवंती कोंबली होती. शेवंती झकास फुलली. खत सगळं तिनेच खाल्लं! गुलाबाला त्या हिवाळ्यात मोजून चार कळ्या आल्या.

गुलाबाची खालची फूटभर काटकी उघडीबोडकी असते, तेवढीच झाकायची. त्यासाठी वाफ्याच्या पुढच्या कडेला पांढरा ॲलिसम हे बारीक फुलांचं हंगामी रोप लावा. तो वीतभरच वाढतो, आणि गडद लाल गुलाबापुढे फार देखणा दिसतो. ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी कराल त्याच आठवड्यात ॲलिसमचं बी पेरा. छाटलेला गुलाब साधारण दीड महिन्याने फुलावर येतो, ॲलिसमही जवळपास तेवढाच वेळ घेतो. दोघं एकदम फुलतात.

दोन गुलाबांच्या मध्ये, थोडा मागे, निळा साल्विया लावा. गुलाबात खरा निळा रंग नाहीच, त्यामुळे तो शेजारी आला की वाफा एकदम उठून दिसतो. बियांपासून तो फार वेळ घेतो, म्हणून नर्सरीतून तयार रोपं आणा. झेंडू हवाच असेल तर बुटका, मखमली लावा. त्याच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म किड्यांना, थोडा आळा बसतो. मात्र कोरड्या हवेत त्याच्यावर लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड येते. पानांची मागची बाजू बघत जा.

कोणतंही रोप गुलाबाच्या आळ्यात नको. बुंध्याभोवती फूटभर जागा मोकळी ठेवा आणि तिथे कुदळ खोल मारू नका. गुलाबाची अन्न घेणारी मुळं वरच असतात. पाणी सकाळी, मुळाशी. पाइपने पानांवर फवारा नको. ठिपक्यांची गळलेली पानं वेचून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. आणि कलमाच्या डोळ्याखालून, म्हणजे कलम जिथे जोडलंय त्याच्या खालून, फूट आली तर मोह न धरता काढा, ती खुंटाची, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलंय त्याची असते.

आता मोगरा. सासूबाईंची आवड चांगली आहे, जागा चुकली. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात. त्यासाठी थंडीत त्याचं पाणी तोडतात, मग छाटतात. नेमकं तेव्हाच गुलाब फुलावर असतो, त्याला पाणी लागतं. एकाच वाफ्यात दोघांचं जमणार कसं? मोगरा मोठ्या कुंडीत लावा आणि कुंडी सासूबाईंच्या खिडकीखाली ठेवा.