दगड न लागता काच का तडकते?

प्रश्न : बैठकीच्या पश्चिमेच्या खिडकीला 5 मिमीची तपकिरी काच पक्की बसवलेली आहे. ऊन फार येतं म्हणून एप्रिलात आतून काळी फिल्म लावली. मे महिन्यात भर दुपारी काच आपोआप तडकली. काचवाले म्हणतात, पोरांनी दगड मारला असेल. खरं काय? आता कोणती काच बसवावी?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी तडा नीट पाहा. दगड लागला असेल तर एका जागी टवका उडून तिथून चौफेर रेघा फुटतात. तडा काठापासून निघून, काठाशी काटकोनात बोटभर सरळ जाऊन मग नागमोडी वळला असेल, तर तो उन्हाचा.

रंगीत काच मुळातच ऊन पिते, त्यावर काळी फिल्म. काचेचा मधला भाग तापून फुगतो, पण अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या पट्टीत, दडलेला काठ त्यामानाने थंड राहतो आणि ताणला जातो. साधी काच मध्य आणि काठ यांच्यातला 30 ते 40 अंशांचा फरक कशीबशी सोसते. कापताना काठाला बारीक टवका गेला असेल तर त्याहून कमी फरकातही ती फुटते. छज्जाची सावली अर्ध्याच काचेवर पडत असेल किंवा आतून कूलरचा झोत थेट काचेवर येत असेल, तर धोका आणखी वाढतो.

नवी काच टफन, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेली, घ्या. ती 200 अंशांच्या आसपास फरक सोसते. मात्र टफन झाल्यावर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. कापायला गेलात तर भुगा होतो. म्हणून माप चुकवू नका. रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजा, सर्वांत लहान माप धरा आणि दोन्हींतून 6 मिमी वजा करा, म्हणजे चारही बाजूंना 3 मिमी फट राहील. 'काच घट्ट हवी' म्हणून कारागीर ही फट खातात. अ‍ॅल्युमिनियम काचेच्या अडीच पटींहून जास्त फुगतं-आकसतं. मे महिन्यात घट्ट ठोकलेली काच डिसेंबरच्या पहाटे सेक्शन आकसला की दाबली जाते. खालच्या काठाखाली, दोन्ही टोकांपासून पाव लांबीवर एकेक रबरी ठोकळा ठेवायला सांगा. काच स्क्रूला कुठेही टेकता कामा नये. काच घेताना कोपऱ्यातला टफनचा शिक्का पाहून घ्या.

फिल्म लावण्यापेक्षा बाहेरून चिक (काड्यांचा पडदा) सोडा. ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडवलेलं केव्हाही चांगलं.

प्रश्न : जुन्या लाकडी खिडक्यांची लांबी (काच बसवायचा खडू आणि जवसाच्या तेलाचा लेप) वर्षभरात सुटून पडते. काय चुकतं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : कोरडं लाकूड लांबीतलं जवसाचं तेल शोषून घेतं, मग उरतो नुसता खडू. काच बसते ती लाकडातली खाच खरवडून साफ करा, तिला प्रायमरचा हात द्या, तो वाळल्यावर लांबीचा पातळ थर पसरून त्यात काच दाबा. बारीक खिळे मारून वरून तिरपी लांबी ओढा. आठ-पंधरा दिवसांनी वर साय धरली की ऑइलपेंट द्या आणि रंग काचेवर 2 मिमी चढू द्या, नाहीतर पावसाचं पाणी काच आणि लांबी यांच्यातल्या फटीतून आत शिरेल.