प्रश्न तुमचे : आधी पश्चात्ताप की आधी विश्वास?

प्रश्न : आमचे पाळकसाहेब शिकवतात की तारण (पापातून सुटका) केवळ विश्वासाने होते. उपवास-प्रार्थनेला आलेले वक्ते म्हणाले, आधी पश्चात्ताप, मग विश्वास. बायबलमध्ये येशूचा शिष्य पेत्र ‘पश्चात्ताप करा’ म्हणतो (प्रेषितांची कृत्ये 2:38), तर प्रेषित पौल तुरुंगाच्या अधिकाऱ्याला ‘विश्वास ठेव’ एवढेच सांगतो (16:31). कोणाचे खरे? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : दोन्ही वचने मागच्या-पुढच्या ओळींसकट वाचा. पेत्राचे भाषण ऐकणाऱ्या लोकांना टोचणी लागली ती त्याचे सांगणे त्यांना पटले म्हणूनच. विश्वासाला तिथे सुरुवात झालेली होती. फिलिप्पै शहरातला तो तुरुंगाचा अधिकारी तर आधीच थरथर कापत पाया पडलेला. त्याला आणखी घाबरवण्यात काय अर्थ होता? आणि त्याच रात्री त्याने पौल आणि त्याचा सोबती सीला यांच्या जखमा धुतल्या. त्याआधी त्यांचे पाय खोड्यात अडकवणारा हाच माणूस. पश्चात्ताप हा शब्द त्या प्रसंगात कुठेही नाही, पण पश्चात्ताप आहे.

येशूच्या घोषणेत दोन्ही एकत्रच येतात (मार्क 1:15), पौलाच्या निरोपाच्या भाषणातही (प्रे. कृत्ये 20:21). वळणे एकच असते : ख्रिस्ताकडे तोंड झाले की पापाकडे पाठ होतेच. ल्यूथरन पंथाच्या 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात (विश्वासाच्या जाहीरनाम्यात) विश्वास हा पश्चात्तापाचाच एक भाग मानला आहे, तर धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मते पश्चात्ताप विश्वासातून उपजतो. तेव्हा तुमच्या मंडळीतला (चर्चमधला) वाद काही नवा नाही.

बिघडते ते पश्चात्ताप ही क्षमेची किंमत समजली की. इतके उपवास, इतके अश्रू, मग देव क्षमा करणार! येशूला पैशांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत पस्तावला, ‘मी पाप केले’ असे तोंडाने म्हणाला, चांदीची तीसही नाणी परत केली (मत्तय 27:3-5). फक्त तो याजकांकडे गेला, येशूकडे नाही. उलट टोकाला सभेत हात वर केला, विश्वास ठेवल्याचे कार्ड भरले, झाले तारण, असे मानणारेही आहेत. देव एकच आहे हे नुसते खरे मानणे भुतांनाही जमते, आणि ती निदान थरथरतात तरी (याकोब 2:19).

प्रश्न : जुन्या नोकरीत हिशेबात फेरफार करून मी पैसे घेतले. देवाजवळ कबूल केले आहे. परत द्यायलाच हवेत का? — नाव नको

उत्तर : क्षमा परतफेडीवर अवलंबून नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या, क्षमा मिळालेल्या चोराजवळ परत द्यायला काहीच नव्हते. पण तुम्हाला देणे शक्य आहे, आणि शक्य असून पैसे दाबून ठेवणे म्हणजे चोरी अजून चालूच ठेवणे.

जुन्या करारातल्या गणना 5:7 मध्ये कबुली, पूर्ण मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा असे सांगितले आहे. म्हणजे दहा हजारांचे बारा हजार. ख्रिस्ती माणसावर हा दंड लागू नाही, पण अंदाजाला माप चांगले. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने आपण होऊन चौपट देऊ केले. मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर नियमशास्त्रात जी भरपाई होती, तीच. मात्र क्रम बघा : येशू ‘तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे आधी म्हणाला, जक्कयाने पैशाचे नंतर काढले.

रक्कम आणि साल कागदावर लिहा. आठवत नसेल तर अंदाज वरच्या बाजूने धरा. मालकाला एकट्याने भेटा, आकडा सांगा. ‘परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य गाळा. त्याने कबुलीचा वकिली जबाब होतो. एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांच्या तारखा ठरवून द्या. मालक वारले असतील तर वारसांना द्या. निनावी पाकिटाने पैसे पोचतात, कबुली पोचत नाही. पोलीस केस होण्याची शक्यता असेल तर आधी वकिलाशी बोला, पण ते टाळाटाळीचे निमित्त करू नका. मंडळीसमोर उभे राहून सांगायची गरज नाही, आणि त्यात सामील असलेल्या दुसऱ्या कुणाचे नाव तर मुळीच घेऊ नका. त्याची कबुली त्याची.

प्रश्न : कबुली देताना मला रडू येत नाही. माझा पश्चात्ताप खोटा का? — एक वाचक, जालना

उत्तर : नाही. एका जेवणासाठी थोरलेपणाचा हक्क विकणारा एसाव नंतर रडला, त्याने काही साधले नाही (इब्री 12:17). जक्कय रडल्याचे लूक सांगत नाही. ज्या पापाची कबुली दिली त्याची वाट बंद केलीत का, ते पाहा : तो नंबर फोनमधून काढला का, त्या मित्राकडे जाणे थांबवले का. पाय पुन्हा तिकडे वळला तर त्याच दिवशी पुन्हा कबुली द्या. रविवारची वाट पाहू नका.