भाव बदलला, टेबल का बदलत नाही?

प्रश्न : वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले रोजचे भाव दाखवणारं आयफोन अ‍ॅप मी स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत करतोय. सर्व्हरवरून नवे भाव येतात, कन्सोलमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या खिडकीत) दिसतातही, पण टेबलमध्ये जुनेच राहतात. ओळ स्क्रोल करून घालवली आणि परत आणली की मात्र नवा भाव दिसतो. टेबल पुन्हा भरायला सांगणारी रीलोडडेटा ही आज्ञा लिहिलेली आहे. चुकतंय कुठे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : स्क्रोल केल्यावर भाव बदलतो हे आवर्जून लिहिलंत, बरं झालं. याचा अर्थ भावांची यादी ठेवणाऱ्या अ‍ॅरेत नवा आकडा पोहोचलाय. टेबल दाखवणारा टेबलव्ह्यू अ‍ॅरेवर लक्ष ठेवून नसतो. ओळ पडद्यावर यायची वेळ झाली की तो सेल (एका ओळीचा चौकोन) मागतो आणि त्या क्षणी अ‍ॅरेत असेल ते दाखवतो. पुन्हा माग, हे त्याला रीलोडडेटाने सांगावं लागतं.

आधी कोडमध्ये रीलोडडेटाची ओळ कुठे आहे ते बघा. सर्व्हरकडून भाव मागवणाऱ्या यूआरएलसेशनच्या रिझ्यूमखाली (मागणी सुरू करणाऱ्या ओळीखाली), उत्तर आल्यावर चालणाऱ्या ब्लॉकच्या बाहेर असेल, तर भाव यायच्या आधीच ती चालून जाते. ब्लॉकच्या आत असेल, तर तो ब्लॉक सहसा बॅकग्राउंड थ्रेडवर, म्हणजे पडद्यामागच्या कामाच्या धाग्यावर, चालतो आणि टेबलला हात फक्त मेन थ्रेडवरून, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या मुख्य धाग्यावरून, लावायचा असतो. एक्सकोड (आयफोनसाठी कोड लिहायचं साधन) अशा वेळी जांभळी सूचना देतो, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

सर्व्हरकडून आलेला जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) उलगडण्याचं काम बॅकग्राउंडलाच राहू द्या. अ‍ॅरेत नवे भाव भरणं आणि लगेच रीलोडडेटा, या दोन्ही ओळी काम मेन थ्रेडकडे सोपवणाऱ्या डिस्पॅचक्यू.मेन.असिंकच्या एकाच ब्लॉकमध्ये घ्या. फक्त रीलोड आत घेतलं आणि अ‍ॅरे बाहेर बदलला, तर टेबलने ४० ओळी मोजलेल्या असताना अ‍ॅरेत ३५च उरतात आणि अ‍ॅप ३६व्या ओळीवर कोसळतं.

रीलोड सुरळीत झालं की कदाचित दुसरं दुखणं दिसेल : बटाट्याचा भाव चढलेला, तरी आकडा लाल. सेल पुन्हा वापरले जातात, त्यामुळे आधी तिथे असलेल्या, भाव उतरलेल्या कांद्याचा रंग तसाच राहतो. भाव उतरला तर लाल, एवढंच लिहून भागत नाही. एल्समध्ये, म्हणजे ‘नाहीतर’च्या भागात, नेहमीचा रंगही द्यायलाच हवा.

प्रश्न : संपूर्ण टेबल रीलोड केलं की निवडलेली ओळ सुटते, म्हणून फक्त नवी ओळ घालणारं इन्सर्टरोज वापरलं. आता ओळींची संख्या चुकल्याचं सांगून अ‍ॅप बंद पडतं.
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आधी १२ ओळी होत्या आणि तुम्ही एक घातलीत, तर त्यानंतर टेबलला ओळी पुरवणाऱ्या डेटासोर्सने १३च सांगायला हव्यात. आधी अ‍ॅरेत भर, मग इन्सर्टरोज. काढणं-घालणं एकदम असेल तर सगळे बदल एकत्र करणारं परफॉर्मबॅचअपडेट्स घ्या. त्यात काढायचे क्रमांक जुन्या यादीचे आणि घालायचे नव्या यादीचे, मग तुम्ही कोडच्या ओळी कोणत्याही क्रमाने लिहा.

आयओएस १३पासून जुन्या-नव्या यादीतला फरक काढणारा डिफेबल डेटासोर्स आहे, तो हा हिशेब स्वतः ठेवतो. नवं काम असेल तर आम्ही तोच सुचवू. फक्त ओळख म्हणून जिन्नसाचा क्रमांक द्या, भावासकट अख्खा स्ट्रक्ट (जिन्नसाची सगळी माहिती) नको. स्ट्रक्ट दिलात तर भाव २२चा २४ झाला की जुनी ओळ गेली आणि नवी आली, असं त्याला वाटतं. क्रमांक दिलात तर उलट भाव बदललेला त्याला कळतच नाही; तेवढ्या ओळींसाठी स्नॅपशॉटवर (यादीच्या ताज्या स्थितीवर) रीकॉन्फिगरआयटम्स बोलवा आणि मग अप्लाय करा. ही सोय आयओएस १५पासून आहे. त्याआधीच्या फोनसाठी रीलोडआयटम्स.