वर जायचं नाही

अगं, एव्हरेस्ट बेसकॅम्पच्या वाटेवर डिंगबोचेच्या लॉजवरून पाठवलेला तुझा मेसेज वाचला. कालपासून डोकं ठणकतंय, रात्री उलटी झाली, समोरचा दालभात बघवत नाही, आणि एवढं सगळं लिहून वर मलाच विचारतेस की उद्या ग्रुपबरोबर लोबुचेला जाऊ का. नाही. वर जायचं नाही.

ऊन लागलं असेल, पाणी कमी पडलं असेल, सूप बाधलं असेल, असेलही. पण एवढ्या उंचीवर डोकेदुखीच्या जोडीला मळमळ आली की तो उंचीचाच आजार धरून चालायचं. डिंगबोचे ४,४१० मीटर, लोबुचे ४,९४०. ३,००० च्या वर गेलं की मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, म्हणजे धडधाकट माणसालाही हा टप्पा जड आणि तू तर आजारी.

अलंग-मदन-कुलंग केलाय म्हणतेस. बाई गं, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे! सह्याद्रीत कमावलेला दमसास खराच, पण हा आजार फिटनेस बघून येत नाही, उलट फिट पोरंच भराभर चढतात आणि अडकतात. डायमॉक्सने शरीराला रुळायला मदत होते, पण गोळी घेतली म्हणून अंगावर दुखणं घेऊन चढायची मुभा मिळत नाही. आणि कॉम्बिफ्लामने डोकं थांबलं तर त्याला बरं होणं म्हणू नकोस.

आत्ता उठ, कुणाला तरी समोर उभं कर आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालून दाखव. झोक जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी सोबत घेऊन खाली निघायचं, एकटीने अजिबात नाही. टेकाडापलीकडे फेरिचेत हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात. चालणं नीट असेल तर उद्या डिंगबोचेतच आराम, आणि तरीही उतार पडला नाही तर पांगबोचेला उतर. पण वर जायचं नाही.

मी स्वतः लोबुचेवरून परत आलोय. ग्रुपचा बेसकॅम्पवरचा फोटो आहे, त्यात मी नाही, आणि अजून लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, तू अर्ध्यातून आलास ना रे. लागतं मनाला. नंतर आधी आईचं आजारपण, मग माझे गुडघे, पुन्हा जाणं झालंच नाही. पण मी घाबरून नव्हतो फिरलो. त्या सकाळी बुटाच्या नाड्या हातात धरून बसलो होतो आणि गाठ कशी मारतात तेच आठवेना. पोर्टरने नाड्या बांधल्या, मला धरून खाली आणलं, आणि खाली आल्यावर मी पोटभर जेवलो. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं, आजही मी तेच करेन.

रजा, पैसे, "दोनच दिवस राहिलेत" हे मला सांगू नकोस, डोंगराला त्याचं काही नाही. इन्शुरन्सचा कागद काढ, किती मीटरपर्यंत कव्हर आहे बघ, हेलिकॉप्टर लागलंच तर आधी त्यांच्या नंबरवर फोन करावा लागतो. लीडरला आजच सांग, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांग, म्हणजे सकाळी तुझं मन फिरणार नाही, आणि खाली सोबत यायला एक पोर्टर माग. आईला मी काही कळवत नाही, तो फोन तूच कर.