‘लव्ह मी डू’चे ड्रम कोणी वाजवले?

प्रश्न : बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’ या पहिल्या तबकडीवर रिंगो स्टार यांनी ड्रम वाजवलेच नाहीत, असे एका लेखात वाचले. दुसऱ्या एका पुस्तकात मात्र ड्रमवादक म्हणून त्यांचेच नाव आढळले. यातले खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही विधानांत तथ्य आहे, कारण ती एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांविषयी केलेली आहेत. किंबहुना १९६२ मध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत हे गाणे तीनदा मुद्रित झाले आणि तिन्ही वेळा ड्रमवर निराळा माणूस होता.

६ जून १९६२ रोजी लिव्हरपूलचा हा बँड लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत प्रथम आला, तेव्हा ड्रम पीट बेस्ट वाजवत होते. ते मुद्रण आज ऐकले, तर निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे समाधान का झाले नाही, हे सांगावे लागत नाही. मधल्या भागात बेस्ट ठेका बदलतात आणि लय डळमळते. पुढच्या मुद्रणांसाठी बाहेरचा व्यावसायिक वादक घ्यावा, असे मार्टिन यांचे म्हणणे होते. बेस्ट यांना बँडमधून काढा, असे मात्र त्यांनी सुचवले नव्हते. तो निर्णय बँडमधील उरलेल्या तिघांचा (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन यांचा) होता आणि १६ ऑगस्टला तो बेस्ट यांच्या कानावर घालण्याचे अप्रिय काम व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन यांना करावे लागले.

बेस्ट यांच्या जागी आलेल्या रिंगो यांच्यासह बँड ४ सप्टेंबरला पुन्हा स्टुडिओत आला. पहिली तबकडी म्हणून मिच मरे या गीतकाराचे ‘हाउ डू यू डू इट’ काढावे, असा मार्टिन यांचा आग्रह होता. बीटल्सनी ते गाणे मुद्रित करून दिले, पण आपली पहिली तबकडी आपल्याच गाण्याची असावी, हा हेका काही सोडला नाही. (मार्टिन यांचा अंदाज व्यापारी दृष्टीने चुकीचा नव्हता. तेच गाणे १९६३ मध्ये गेरी अँड द पेसमेकर्स या बँडने ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले.) त्या दिवशीच्या ‘लव्ह मी डू’वरही स्टुडिओतील मंडळी समाधानी नव्हती, म्हणून ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट या अनुभवी वादकाला बोलावण्यात आले आणि रिंगो यांच्या हाती टॅम्बोरिन हे खंजिरीसारखे वाद्य देण्यात आले. बँडमध्ये येऊन महिनाही झाला नव्हता. आपलीही गत बेस्ट यांच्यासारखीच होणार, अशी धास्ती त्यांना वाटली असल्यास नवल नाही.

खरा गोंधळ यापुढे आहे. ५ ऑक्टोबर १९६२ रोजी पार्लोफोन या लेबलवर तबकडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर चार सप्टेंबरचे, म्हणजे रिंगो यांच्या ड्रमचे मुद्रण होते. मार्च १९६३ मध्ये ‘प्लीज प्लीज मी’ हा अल्बम निघाला, त्यात मात्र व्हाइट यांचे मुद्रण घातले गेले आणि पुढे त्याच तबकडीच्या नव्या प्रतींवरही तेच आले. त्यामुळे कोणी कोणती प्रत ऐकली, यावर त्याचे उत्तर ठरते. ओळखण्याची खूण सोपी आहे : टॅम्बोरिनची छनछन ऐकू आली, तर ड्रम व्हाइट यांचे; ती नसेल, तर रिंगो यांचे. व्हाइट यांचे वादन अधिक काटेकोर आहे, हे मान्य करूनही आमच्या मते या दोहोंतला फरक त्याविषयीच्या चर्चेइतका मोठा नाही.

प्रश्न : या गाण्यातील माउथ ऑर्गन जॉन लेनन यांनी डेल्बर्ट मॅक्लिंटन या अमेरिकन वादकाकडून शिकून घेतला, हे कितपत खरे आहे?

उत्तर : गोष्ट रंगतदार आहे, पण तारखा तिच्या आड येतात. ब्रूस चॅनल यांच्या ‘हे! बेबी’ या गाण्यात मॅक्लिंटन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन लेनन यांना आवडला होता आणि ती तबकडी १९६२ च्या वसंतात ब्रिटनमध्ये गाजत होती, हे खरे आहे. परंतु चॅनल आणि मॅक्लिंटन यांच्यासोबत बीटल्सचा न्यू ब्रायटन येथील कार्यक्रम झाला तो २१ जूनला, आणि ‘लव्ह मी डू’ माउथ ऑर्गनसकट मुद्रित झाले होते ६ जूनला. तबकडीचा प्रभाव म्हणता येईल, प्रत्यक्ष शिकवणी म्हणता येणार नाही.

या वाद्याचा एक परिणाम मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही. गाण्यात वाद्ये थांबतात आणि शीर्षकाचे शब्द एकट्या आवाजात येतात, ती ओळ मुळात लेनन गात असत. तिच्या शेवटच्या शब्दावरच माउथ ऑर्गन सुरू व्हायला हवा, असे ठरल्यावर एकाच तोंडाने दोन्ही करणे शक्य नव्हते, आणि ती ओळ ऐन वेळी पॉल मॅकार्टनी यांच्या गळ्यात पडली. आपल्या आवाजातील कंप आजही ऐकू येतो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. जेमतेम तीन स्वरमेळांवर उभ्या असलेल्या या साध्या गाण्यात आम्हांला तीच जागा सर्वांत जिवंत वाटते.

प्रश्न : एपस्टाईन यांनी दहा हजार प्रती स्वतः विकत घेऊन हे गाणे खपाच्या यादीत चढवले, असे म्हणतात. तसे झाले होते का?

उत्तर : एपस्टाईन यांनी हा आरोप नाकारला होता. त्यांचे लिव्हरपूलमध्ये तबकड्यांचे दुकान होते, त्यामुळे त्यांनी आपल्या बँडच्या प्रती भरपूर मागवल्या असणे स्वाभाविक आहे. पण राष्ट्रीय यादी ठिकठिकाणच्या दुकानांनी कळवलेल्या विक्रीवरून बनत असे, एका दुकानाच्या साठ्यावरून नव्हे. शिवाय हे गाणे ब्रिटनमध्ये १७ व्या क्रमांकापलीकडे गेलेच नाही. लबाडी करून १७ वा क्रमांक मिळवला असेल, तर ती फारच कच्ची म्हणावी लागेल. अमेरिकेत ते १९६४ मध्ये, बीटल्सची लाट आल्यावर, टॉली या लेबलवर निघाले आणि मे महिन्याच्या अखेरीस पहिल्या क्रमांकावर गेले.

प्रश्न : तिन्ही मुद्रणे आज कोठे ऐकता येतील?

उत्तर : बेस्ट यांचे मुद्रण १९९५ च्या ‘अँथॉलॉजी १’मध्ये, रिंगो यांचे ‘पास्ट मास्टर्स’मध्ये आणि व्हाइट यांचे ‘प्लीज प्लीज मी’मध्ये आहे. यांपैकी रिंगो यांच्या मुद्रणाची मूळ फीत आज अस्तित्वात नाही. ‘पास्ट मास्टर्स’साठी ते जुन्या तबकडीवरून उतरवून घ्यावे लागले, त्यामुळे त्याचा आवाज इतर दोहोंपेक्षा किंचित वेगळा वाटल्यास तो आपल्या यंत्राचा दोष समजू नये.