‘हा आपला जिम नाही’

सुईखाली : वाचकांचे प्रश्न

काका, सप्रेम नमस्कार. आम्ही चरईत राहतो. माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. पूर्वी शेजारच्या ख्रिस्ती घरात नाताळाला अमेरिकन गायक जिम रीव्हज लागायचा, तिथून त्यांना नाद लागला. त्यांच्याकडे त्याची एक एलपी (मोठी तबकडी) आणि ‘डिस्टंट ड्रम्स’ची एक छोटी ईपी आहे, दोन्ही १९७० च्या आसपास घेतलेल्या. एलपी आता ‘ही’ल हॅव टु गो’वर येऊन अडकते. म्हणून वाढदिवसाला भावाने सुटकेससारखा दिसणारा नवा प्लेअर आणि नव्याने काढलेली परदेशी एलपी आणली, २,४०० रुपयांची. बाबांनी दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, “हा आपला जिम नाही. कोणीतरी पोरगं गातंय.” त्यांचं लाडकं ‘डिस्टंट ड्रम्स’ तर त्यात नाहीच. भाऊ हिरमुसलाय. कव्हरवर मोठ्या अक्षरांत ‘रीमास्टर्ड’ लिहिलंय. आमची फसवणूक झाली का?
— एक वाचक, चरई, ठाणे

ताई, फसवणूक म्हणता येणार नाही. पण बाबांचा कानही खोटं बोलत नाहीये. पुढचं वाचण्याआधी एक काम करा. बाबांच्या जुन्या प्लेअरवर एलपी लावा, कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेऱ्या मोजा. बरोबर १०० भरायला हव्यात, कारण एलपीचा वेग मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर असतो. मग तेच नव्या प्लेअरवर करा.

माझा अंदाज, जुन्यावर ९७ च्या आसपास भरतील. आतलं रबर झिजलं, तेल वाळलं की ही यंत्रं म्हातारपणी रेंगाळतात. तीन फेऱ्या म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्या दिशेने निम्मी वाट खाली उतरतं. रीव्हजचा आवाज मुळातच खर्जाचा, त्यात माइकला जवळजवळ ओठ लावून गाण्याची त्याची पद्धत. तो आणखी खाली ओढला गेला की कसा भारदस्त होत असेल बघा. बाबांनी वर्षानुवर्षं तोच ऐकलाय. आणि नवे स्वस्त प्लेअर पुष्कळदा उलट थोडे पळतात. म्हणून ‘पोरगं’! माझ्या मावशीने नाट्यगीतांच्या सीडी ऐकून हेच म्हटलं होतं, “हे बुवा घाईत आहेत.”

आता तुमच्या परदेशी एलपीकडे. तुम्ही पाठीमागच्या बाजूचा फोटो पाठवलात ते बरं केलं. त्यावर ना मूळ कंपनी आरसीएचं नाव आहे, ना कुठल्या टेपवरून काढली त्याचा उल्लेख. ‘रीमास्टर्ड’, म्हणजे जुन्या मुद्रणावर नव्याने हात फिरवलेलं, हा शब्द कुणीही छापू शकतो. पोळीवर ‘पुन्हा गरम केलेली’ लिहिल्यासारखं आहे ते. कधीची, कुणी लाटलेली, काही कळत नाही.

याच्या मुळाशी कायदा आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. युरोपात पूर्वी ५० वर्षांची मुदत होती, २०१३ मध्ये ती ७० झाली. पण तोवर जी मुद्रणं सुटली होती, ती पुन्हा बांधली गेली नाहीत. त्यामुळे १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली रेकॉर्ड तिथे कुणीही काढावी. ‘ही’ल हॅव टु गो’ ऑक्टोबर १९५९ मध्ये नॅशव्हिलला मुद्रित झालं. गंमत म्हणजे ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली आणि अमेरिकेतल्या कंट्रीच्या (तिकडच्या गावरान ढंगाच्या गाण्यांच्या) यादीत ते १४ आठवडे पहिलं राहिलं. आज ते मुद्रण युरोपात मोकळं आहे.

मोकळं झालं ते मुद्रण. टेप मोकळी होत नाही. मूळ टेप मालक कंपनीच्या कपाटात कुलपातच राहते आणि ती दुसऱ्याला देण्याचं बंधन कुणावर नाही. मग हे छोटे प्रकाशक काय करतात? कुठली तरी जुनी सीडी किंवा बऱ्या अवस्थेतली रेकॉर्ड घेतात, तिची खरखर संगणकावर पुसतात आणि त्यावरून नवी एलपी कापतात. खरखर पुसताना श्वासही पुसला जातो. रीव्हजच्या गाण्यात तर श्वास हे अर्धं गाणं. काही जण हे काम फार चांगलं करतात, नाही असं नाही, पण तुमच्या एलपीवर तसं काही दिसत नाही.

‘डिस्टंट ड्रम्स’ तिच्यावर का नाही, तेही यातच आलं. ते १९६६ चं, म्हणजे अजून बांधलेलं. आणि आता जे लिहितोय ते बाबांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

३१ जुलै १९६४ ला रीव्हज स्वतःचं छोटं विमान चालवत नॅशव्हिलजवळ कोसळला आणि गेला. ‘डिस्टंट ड्रम्स’ त्यानंतर दोन वर्षांनी आलं. जिवंतपणी त्याने ते नमुना म्हणून साध्या साथीवर गाऊन ठेवलं होतं, ते लिहिणाऱ्या सिंडी वॉकरसाठी. मागचा सगळा थाटमाट त्याच्या मृत्यूनंतर चढवला गेला. इंग्लंडमध्ये ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, त्या बिटल्सच्या दिवसांत! पुढे कंपनीला ही चटकच लागली. १९७९ मध्ये डेबोरा ॲलन या गायिकेला त्याच्या जुन्या आवाजाबरोबर जोडीने गायला लावलं. १९८१ मध्ये त्याचा आणि पॅट्सी क्लाइनचा आवाज एकत्र गुंफून युगुलगीत काढलं. ती तर त्याच्याही आधी, मार्च १९६३ मध्ये, विमान अपघातातच गेलेली. दोघांनी एकत्र कधी ते गायलंच नव्हतं. बाबा ज्याला आपला जिम म्हणतात, त्यातला निदान ईपीवरचा तरी असा मागाहून सजवलेला आहे.

मी नाक मुरडतोय असं वाटेल, पण मला तो अधिकार नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कॅसेट कारखान्यात कामाला होतो. जुन्या हिंदी गाण्यांवर झंकार चढवायचं काम माझ्याकडेही असायचं. ड्रम मशीन लावायचं, मूळ ठेका पुढेमागे झाला की हाताने सांभाळून घ्यायचं. त्या जुन्या गाण्यांतला तबलजी माणूस होता, यंत्र नव्हतं. तो अंतऱ्याला हलकेच पुढे सरकायचा आणि माझं मशीन मागे पडायचं. मग आम्ही तबलाच दाबून टाकायचो. रिक्षावाल्यांना त्या कॅसेट फार आवडायच्या. आज त्यांतलं एखादं गाणं कुठे कानावर पडलं की मी चपला शोधतो.

तर करायचं काय? मूळ मालकाच्या नावाने निघालेली आवृत्ती घ्या, आणि ‘मूळ टेपवरून’ असं स्पष्ट लिहिलेली असेल तर उत्तमच. जर्मनीतली बेअर फॅमिली ही १९७५ पासूनची कंपनी कंट्रीच्या जुन्या मुद्रणांसाठी सोनाराच्या काट्याने काम करते. १९९४ मध्ये त्यांनी रीव्हजचा १६ सीडींचा संच काढला, सोबत जाडजूड पुस्तक. तो बाबांसाठी घेऊ नका, फार होईल. त्यांना सोळा सीडी नकोत, एक बाजू हवीय. चोर बाजारात मटन स्ट्रीटला भारतात छापलेल्या त्याच्या एलपी अजून निघतात. उजेडात तिरकी धरून बघा. बारीक केसांसारखे चरे चालतात. नख अडकेल असा चरा असेल तर ठेवून द्या.

त्याआधी जुन्या प्लेअरची सुई बदला. अडकणाऱ्या काही तबकड्या नव्या सुईने सुटतात. आणि त्याचा वेग मात्र दुरुस्त करू नका.

——

मी नेरूळला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकन गायक जॉनी कॅशच्या ‘ॲट फॉल्सम प्रिझन’ या अल्बमची १९६८ ची मूळ आवृत्ती ऐकू की २००८ ची मोठी? मित्र म्हणतात मोठीच पूर्ण आहे.
— एक विद्यार्थी, नेरूळ

मूळ ऐक. १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियाच्या त्या तुरुंगात कॅशने एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. निर्माता बॉब जॉन्स्टन याने त्यांतून १६ गाणी निवडली, बहुतेक पहिल्या कार्यक्रमातली. शेवटचं गाणं तिथल्याच एका कैद्याने, ग्लेन शर्लीने, लिहिलेलं. १९९९ मध्ये तीन गाणी वाढली, २००८ मध्ये दोन्ही कार्यक्रम पुरे आले. पुरे म्हणजे चांगले असं नाही. दोन तास लग्नाची व्हिडिओ कॅसेट बघणं आणि अल्बम चाळणं यात फरक असतोच ना? आधी अल्बम चाळ, आवडलं तर कॅसेट बघ.

एक मात्र लक्षात ठेव. पहिल्याच गाण्यात रीनो शहरात खून केल्याच्या ओळीवर कैदी जल्लोष करताना ऐकू येतात, तो त्यांनी केलाच नव्हता. ती आरोळी मागाहून स्टुडिओत चिकटवलेली आहे. पहाऱ्यावरच्या शिपायांसमोर खुनाच्या ओळीवर ओरडायला कोण धजेल?

——

ऐरोलीत खाडीची हवा. पावसाळ्यानंतर सासऱ्यांच्या रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते. काय लावू?
— एक गृहिणी, ऐरोली

आधी रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको, आणि आतली जुनी प्लॅस्टिकची पिशवी फेकून कागदी घाला. बुरशी काढायला डिस्टिल्ड वॉटर (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच), त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ सुती फडक्याने खाचेच्या दिशेने, गोल. मधल्या लेबलला पाणी लावू नका. मग नुसत्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा.

काही जण पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात. एलपीला थोडं चालतं. पण सासऱ्यांकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जड, काचेसारख्या फुटणाऱ्या रेकॉर्ड असतील तर त्यांना एक थेंबही नको. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.